औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जुनी बॅटरी, फुटलेली ट्यूब : घंटागाडी नेत नाही, मग द्यायचं कुठं?

निफाड/दिंडोरी (प्रतिनिधी) : गोडी छाटणी उरकली की द्राक्षपट्ट्यात दोन गोष्टी वाढायला लागतात. एक वेलीवरची फूट, आणि दुसरी बांधावरची रिकामी बाटली. डावणी, भुरी, उडद्या, मिलीबग असं एकामागून एक सुरू राहतं आणि हंगाम संपेपर्यंत एका बागेतून पोतं-दोन पोती बाटल्या निघतात. टोमॅटो, कांदा, मिरचीवाल्यांच्या बाटल्या वेगळ्याच. या बाटल्या जातात कुठं, हे पाहायला लांब जायची गरज नाही. जिथं पंप भरतात तिथं विहिरीच्या कठड्यामागे, पाटाच्या कडेला, ओढ्यात. पहिला जोराचा पाऊस आला की तिथून त्या कादवेत आणि पुढे गोदावरीत उतरतात. दोन्ही नद्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याला एकत्र येतात. 2020 मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण ते हेच.

बऱ्याच गावांत आता घंटागाडी आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्या, असं भोंग्यावरून सांगितलं जातं. पण औषधाची बाटली, फुटलेली ट्यूबलाइट, फुगलेली मोबाईलची बॅटरी, साखरेच्या आजारावरच्या इंजेक्शनची सुई यातलं काही त्या दोन डब्यांत बसत नाही. गाडीवाला घेत नाही, आणि घेतलं तर गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतून पेटवून देतो. म्हणजे न घेतलेलंच बरं.

कायद्यात या कचऱ्याला नाव आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ अशी वेगळी वर्गवारी केली गेली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल बल्ब, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज हे सगळं त्यात येतं. शहरात दर 20 चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र असावं, असंही त्या नियमांत लिहिलं होतं. खेड्यांसाठी मात्र असं काही नव्हतं. आता 2026 चे नवे नियम आले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे कचऱ्याचे चार भाग धरले गेले आहेत. कागदावर तिनाचे चार डबे झाले. गावातल्या गाडीला चौथा कप्पा कधी लागतो ते बघायचं. तोवर घरातला हा कचरा घरच्यांनीच नीट हाताळावा लागणार.

बाटली तीनदा खळखळा, तीही पंपावरच

सुरुवात औषधाच्या बाटलीपासूनच करावी लागते, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त आणि सर्वांत घातक तीच. बाटलीवर चौकटीत त्रिकोण असतो तो प्रत्येकाने पाहिलेला आहे, वाचणारे कमी. लाल म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं मात्र नाही.

बाटली पंपात उलटी केली तरी आतल्या भिंतीला आणि मानेला थोडं औषध चिकटून राहतं. त्यासाठी साधी रीत आहे. बाटली रिकामी झाली की लगेच पाव बाटली स्वच्छ पाणी घालायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या पंपात किंवा ब्लोअरच्या टाकीतच ओतायचं. असं तीनदा. मग बाटलीच्या बुडाला खिळ्याने किंवा विळ्याच्या टोकाने भोक पाडायचं. पाणी ओढ्यात ओतलं तर सगळं केलेलं फुकट. पंपात ओतलं तर विकतच्या औषधाचा शेवटचा थेंबही पिकाला लागतो. महागाच्या औषधाला एवढा हिशोब तरी करायला हरकत नाही. हे काम त्याच वेळी करायचं, संध्याकाळी घरी आणून नाही. औषध वाळून चिकटलं की मग तीनदा काय, दहादा धुतलं तरी निघत नाही.

भोक पाडायचं ते कशासाठी? तर बाटली पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. एक लिटरची चांगली जाड बाटली, घट्ट झाकण, कुणाला टाकवत नाही. मग तिच्यात रॉकेल येतं, डिझेल येतं, बैलाला पाजायचं तेल येतं. पाच लिटरच्या कॅनमध्ये मजुरांसाठी पाणी नेलेलं कुणी पाहिलं नाही असं गाव सापडणार नाही. प्लास्टिक औषध शोषून घेतं. साबणाने धुऊन वास गेला म्हणजे विष गेलं, हा समज चुकीचा आहे.

द्राक्षवाल्यांनी आणखी एका बाटलीकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतात. हे औषध कातडीला भाजतंच, शिवाय ते अंगात गेल्यावर त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होणं, छातीत धडधड, दम लागणं असा त्रास होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. पेस्टिंगला आलेल्या टोळीतल्या मजुरांना हे आधी सांगायला हवं. सांगितलं जात नाही. आणि त्या बाटल्या, स्पंज, हातमोजे सगळं बागेच्या कोपऱ्यात पडून राहतं.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरण्यासारखं नाही. फवारणीत विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तिथं कारण रिकाम्या बाटल्यांचं नव्हतं, फवारणीचं होतं. पण औषध अंगात जायला ते पिऊनच जावं लागतं असं नाही, कातडीतून आणि श्वासातूनही जातं, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. बाटली हाताळणाऱ्या पोराला आणि भंगारवाल्यालाही तोच नियम लागू.

कुणाला त्रास झालाच तर 108 ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत न्या. विषावरचा उतारा त्या लेबलवरच छापलेला असतो. डॉक्टरांचा अर्धा वेळ त्याने वाचतो.

पुरायची, जाळायची की विकायची?

कीटकनाशक नियम 1971 मध्ये याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. रिकामी वेष्टनं बाहेर पडू द्यायची नाहीत, ती मोडून वस्तीपासून लांब पुरायची, आणि धुतलेलं पाणी कुठल्याही पाण्यात मिसळू द्यायचं नाही. नियम झाला तेव्हा डबे पत्र्याचे होते आणि बाटल्या थोड्या. आज ज्या शेतकऱ्याच्या बागेतून हंगामाला दोन पोती निघतात त्याने पुरायचं म्हटलं तर खड्डे तरी किती करणार? आणि आपल्याकडे कुठंही खणलं तरी शंभर-दोनशे फुटांवर कुणाची तरी विहीर किंवा बोअर असतेच. त्यामुळे पुरणं हा शेवटचा उपाय. न धुतलेली बाटली तर पुरूच नये.

जाळणं सर्वांत वाईट. औषध आणि प्लास्टिक दोन्हींचा धूर एकत्र निघतो, आणि तो बांधावरच राहतो असं नाही. रान पेटवल्यासारखं पाचटात टाकून बाटल्या पेटवायची सवय काही ठिकाणी आहे. तो धूर सर्वांत आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो.

उरलं विकणं. बाटल्या बहुतेक चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे भंगारवाला घेतो. आपल्या जिल्ह्यात या मालाची वाटही ठरलेली आहे. मालेगावात जुन्या प्लास्टिकची गिट्टी करून त्यापासून पाईप बनवण्याचा मोठा धंदा आहे आणि गावोगावचं प्लास्टिक फिरत फिरत तिकडे जातं. धंदा वाईट नाही, उलट तो नसता तर जिल्हा प्लास्टिकने भरला असता. अडचण वेगळी आहे. न धुतलेली औषधाची बाटली दुधाच्या पिशव्या, शॅम्पूच्या बाटल्या यांच्यासोबत एकाच गोणीत गेली की ती उघड्या हाताने निवडणाऱ्या बायांच्या हाताला, धुण्याच्या हौदाला आणि शेवटी नव्या मालाला लागते. म्हणून बाटली तीनदा धुतलेली, भोक पाडलेली, झाकण वेगळं केलेली आणि वेगळ्या गोणीत बांधूनच द्यायची. भंगारवाल्याला तोंडाने सांगायचं, ही औषधाची आहे, पाण्याच्या टाकीच्या मालात घालू नको.

युरोपला माल पाठवणाऱ्या बागायतदारांना हे नवीन नाही. ग्लोबल गॅपच्या तपासणीत रिकाम्या बाटल्या धुऊन, भोक पाडून, कुलूपबंद जागेत ठेवल्या आहेत का, हे बघितलंच जातं. म्हणजे परदेशातला गिऱ्हाईक विचारतो तेव्हा आपण करतो. शेजारच्या बागेत, जिथला माल लोकल मार्केटला जातो, तिथं कुणी विचारत नाही म्हणून होत नाही.

बॅटरीला किंमत आहे, तरी धोका तिथंच

ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी फेकत नाही, कारण शिशाला भाव आहे. प्रश्न ती कुणाला दिली हा. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला परत दिली की किंमत कमी होते, आणि परत घेणं 2001 च्या बॅटरी नियमांनी दुकानदारावर बंधनकारक केलं होतं. 2022 पासून नवे बॅटरी नियम आले, त्यात बनवणाऱ्या कंपन्यांवरच गोळा करण्याची जबाबदारी टाकली. तरीही दारावर येणारा दोन-चारशे जास्त देतो म्हणून बॅटरी त्याला जाते. तो ती गावाबाहेर कुठेतरी फोडतो, तेजाब जमिनीत ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. शिशाची धूळ आसपासच्या मातीत वर्षानुवर्षं राहते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो, आणि शरीरात किती शिसं चालतं याची सुरक्षित अशी मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जनावरांचंही ऐका. गोठ्याच्या मागे टाकलेली फुटकी बॅटरी गाय-म्हैस चाटते. शिशाची चव गोडसर लागते म्हणतात. चार-दोन दिवसांत जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, दात खातं, थरथरतं. गावात लोक करणी म्हणतात, कुणी चारा लागला म्हणतं. जनावरांच्या डॉक्टरांना अशा वेळी ‘आसपास जुनी बॅटरी आहे का’ हे आपणहून सांगावं.

आता तर प्रत्येक घरात एक तरी बॅटरीवरचा फवारणी पंप आहे. त्याच्या आत 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. दोन-तीन हंगामांत ती बसते आणि पंप ओसरीत पडून राहतो. तीही शिशाचीच, ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पिल्लू. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी. काही नव्या पंपांत लिथियमची असते, ती मात्र फोडायची, ठोकायची, चुलीजवळ ठेवायची नाही. फुगलेली मोबाईलची बॅटरीही तशीच. भोसकली की पेट घेते. तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या किंवा मातीच्या डब्यात ठेवायची आणि तालुक्याच्या ठिकाणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची.

खेळण्यातले, रिमोटमधले, गाणं वाजणाऱ्या भेटकार्डातले बटणासारखे सेल घरात लहान मूल असेल तर सर्वांत जपून ठेवण्याची वस्तू. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होते. केळी खायला घालून उद्या पडेल, असं म्हणत बसायचं नाही. उलटी करवायची नाही. थेट एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

ट्यूब फुटली तर झाडू लावू नका

एलईडी आल्यापासून सीएफएल आणि ट्यूबलाइट कमी झाल्या, पण अजून गोठ्यात, शाळेत, मंदिरात, समाजमंदिरात आहेतच, आणि उडालेल्या ट्यूब माळ्यावर. दोन्हींत थोडा पारा असतो. काही मिलिग्रॅम म्हणजे सुईच्या टोकाएवढा, पण बंद खोलीत तो वाफ होऊन हवेत राहतो. मुलं ट्यूब तलवारीसारखी एकमेकांवर फोडतात, तो खेळ बंद करावा लागेल.

घरात फुटलीच तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी पंधरा मिनिटं बाहेर जायचं, पंखा बंद करून. मग हातात प्लास्टिकची पिशवी घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करायच्या, बारीक कण चिकटपट्टीने उचलायचे, ओल्या कागदाने पुसायचं आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ‘पारा’ असं वर लिहून ठेवायचं. झाडू मारला की पारा सगळ्या घरात पसरतो आणि झाडूलाही लागतो. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर तसंच. चकाकणारे गोळे मुलांना खेळायला देण्याची जुनी हौस आता पुरे.

गोळ्या, सुया आणि जळकं ऑइल

मुदत संपलेल्या गोळ्या नदीत किंवा संडासात टाकायच्या नाहीत, उकिरड्यावरही नाहीत. गावच्या मेडिकलवाल्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला घेतात का ते आधी विचारावं. कुणीच घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून राखेत किंवा मातीत कालवून, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे मूल किंवा जनावर खाणार नाही. जनावरांची अँटिबायोटिक इंजेक्शनंही यातच धरायची.

सुयांचं जास्त अवघड आहे. घरी इन्सुलिन घेणारे आता प्रत्येक गल्लीत आहेत. सुई झाकण लावून कचऱ्यात टाकली तरी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात ती घुसतेच. ॲसिडची किंवा शॅम्पूची जाड बाटली घ्यावी, सुया तिच्यात टाकत जाव्यात, तीन भाग भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून आरोग्य केंद्रात नेऊन द्यावी. केंद्राचा जैविक कचरा वेगळ्या गाडीने जातो, त्यासोबत ती जाऊ शकते. आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी गाडी येते ते कळतं.

ट्रॅक्टरच्या ऑइल बदलीला सात-आठ लिटर जळकं ऑइल निघतं. ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वाशांना फासायचं, जनावराच्या जखमेवर लावायचं, रस्त्यावर धूळ बसावी म्हणून ओतायचं, हे सगळं चालत आलंय. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. जखमेवर ते लावणं म्हणजे दुखण्यात भर घालणं, आणि विहिरीच्या आसपास ओतणं म्हणजे आपल्याच पाण्यात मिसळणं. जुन्या कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याला द्यावं. तिथून ते पिंपाने शुद्धीकरणाला जातं, आणि त्याचे पैसेही मिळतात.

मल्चिंग पेपरचा वेगळा लेख होईल. तूर्त एवढंच, ठिबकच्या जुन्या नळ्या विकल्या जातात, पण पातळ मल्चिंगला माती चिकटलेली असते म्हणून तो कुणी घेत नाही आणि नांगरटीत तुकडे होऊन जमिनीतच राहतो. पीक निघाल्यावर तो वाळलेला असताना, फाटण्याआधी गुंडाळून काढला तरच पुढे काही करता येतं.

ग्रामपंचायत काय करू शकते

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात कचऱ्यासाठी पैसा ठेवला गेला. 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपये, आणि तालुक्याला प्लास्टिक हाताळणीचं एक केंद्र उभारायला 16 लाखांपर्यंत. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, चालू आहे की कुलूपबंद, हे पंचायत समितीत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

घातक कचऱ्याला मोठा प्लांट गावात लागत नाही, आणि तो गावात असूही नये. गावाने करायचं ते गोळा करणं आणि कोरडं ठेवणं. छपराखाली, शाळा आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, कुलपाचा एक जाळीचा पिंजरा औषधाच्या बाटल्यांसाठी, बॅटऱ्या आणि सेलसाठी एक पिंप, ट्यूब उभ्या ठेवायला एक जुना पाईप किंवा खोका. घंटागाडीवरच्या कामगाराला जाड हातमोजे आणि बूट. पिंजऱ्याची जागा कृषी सेवा केंद्राजवळ असेल तर उत्तम, कारण नवी बाटली घ्यायला शेतकरी तिथं येतोच.

गोळा झालेलं पुढे कुणाला द्यायचं, हा खरा पेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय नाशिकला आहे आणि नोंदणी असलेले ई-कचरा, बॅटरी व प्लास्टिक घेणारे कोण याची यादी तिथं मागता येते. एकट्या गावाचा माल थोडा म्हणून गाडी येत नाही. पाच-सात गावांनी मिळून वर्षातून दोनदा, गोडी छाटणीनंतर आणि उन्हाळ्याच्या शेवटी, एकाच दिवशी माल काढला तर गाडी येण्याजोगा होतो. ज्याचं काहीच करता येत नाही, तो कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांत जायला हवा. तिथं एखाद्या शेतकऱ्याने गोणी घेऊन जाण्यात अर्थ नाही. ती व्यवस्था जिल्हा परिषदेने लावून द्यायची आहे, आणि अजून ती लागलेली नाही.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. 2 ऑक्टोबरची सभा छाटणीच्या तोंडावर येते. त्या दिवशी सभेत पिंजऱ्याच्या जागेचा, कुलपाच्या किल्लीचा आणि माल कुणाला द्यायचा याचा लेखी ठराव घेता येईल. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून अर्ज मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आठवडाभर आधी द्यावा, आणि पोच घ्यायला विसरू नये.